सात दिवसांची नोटीस

"चहा मागवावा असा ठराव आहे. सूचक मी. अनुमोदक कोण?"

खुर्चीत बसण्याआधी उजवा हात खांद्यापर्यंत वर करून ते हे विचारायचे. माझ्या सायबर कॅफेत तेव्हा सहा कॉम्प्युटर होते. त्यांच्यावर बसलेल्यांपैकी कोणीतरी, बहुतेक इंजिनिअरिंगचा एखादा विद्यार्थी, स्क्रीनवरची नजर न काढता हात वर करायचा. "सर्वानुमते मंजूर," म्हणून मग ते बसायचे. एकदा कॅफेत दुसरं कोणीच नव्हतं आणि मी फोनवर बोलत होते, तर बिचारे हात वर करून तसेच उभे!

तुम्ही म्हणाल, काय हा पोरखेळ. पहिल्या दिवशी मीही तेच म्हटलं होतं, आणि चांगलं मोठ्यानं म्हटलं होतं. मी मूळची मनमाडची, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. गाड्यांच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय लग्न होऊन नाशिकला आले तरी सुटली नाही. माझं ऐकून त्यांना राग आला नाही. "सभेत असाच आवाज लागतो, ताई," एवढंच म्हणाले.

आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे सेक्रेटरी म्हणत. ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे, मी पहिल्यावर, आणि माझा कॅफे खाली रस्त्याच्या बाजूच्या गाळ्यात. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थेत त्यांनी अठ्ठावीस वर्षं सेक्रेटरी म्हणून काढली. पगारी सेक्रेटरी हं, निवडून आलेले नव्हे. चेअरमन आले, चेअरमन गेले, हे आपले एसटीनं जाऊन-येऊन इतिवृत्त लिहीत राहिले. सभेत कोणी काहीही बरळो, दुसऱ्या दिवशी वहीत ते शुद्ध मराठीत उतरलेलं असायचं. "अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं नीट केली, ताई," एकदा म्हणाले होते. "माझं स्वतःचं वाक्य त्या वह्यांत एक नाही."

हे लक्षात ठेवा. पुढं जे झालं त्याचा मला जेवढा राग येतो तेवढंच हे वाक्यही आठवतं.

निवृत्तीनंतर ते दर गुरुवारी मस्कतच्या मुलीचे ईमेल वाचायला कॅफेत येऊ लागले. मुलगी लिहायची चार ओळी. त्या वाचून झाल्या की करायचं काय? अशाच एका गुरुवारी स्क्रीनवर लुकलुकणाऱ्या कुठल्यातरी जाहिरातीवर त्यांनी क्लिक केलं आणि मला हाक मारली.

"ताई, इकडे या जरा. हा देश कुठे आला?"

मी वाकून पाहिलं. झेंडा होता, राजमुद्रा होती आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, आमचे नागरिक व्हा.

"इंटरनेटवरच आहे काका. खोटा देश आहे, खेळ असतो तो."

"खोटा कसा? घटना दिलीय की इथे!"

जगभरातली शंभर-सव्वाशे रिकामटेकडी माणसं एका वेबसाइटवर जमून देश-देश खेळत होती. पक्ष होते, निवडणुका होत्या, वर्तमानपत्र होतं, संसद होती. संसद म्हणजे काय, तर एक पान. त्यावर सगळ्यांनी लिहून भांडायचं आणि मतं द्यायची. सेक्रेटरींनी घटनेची बावीस पानं छापून घेतली, घरी नेली आणि तिसऱ्या दिवशी लाल पेननं खुणा करून परत आणली.

"घटना बरी आहे," ते म्हणाले. "पण उपविधी नाहीत. सभा कशी चालवतात हे लोक?"

तिकडे त्यांना पहिला नमस्कार केला तो मार्थानं. कॅनडातली निवृत्त शिक्षिका. तीन-चार मित्रांना घेऊन तो देश तिनंच सुरू केलेला. ती यांना 'मिस्टर सेक्रेटरी' म्हणायची आणि यांच्या इंग्रजीतल्या चुका कोणाला कळू न देता, वेगळ्या निरोपातून दुरुस्त करून पाठवायची. हे तिला द्राक्षाची छाटणी कशी करतात ते लिहायचे, ती यांना दारातला बर्फ कसा काढते ते लिहायची. तिचं पत्र आलं की मला वाचून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. मी गिऱ्हाइकाशी बोलत असले तरी शर्टाच्या खिशातलं पेन काढून टेबलावर टकटक करायचे.

एका बोटानं टाइप करत त्यांनी तीन महिन्यांत त्या देशाला चव्वेचाळीस उपविधी दिले. आधी लोक हसले. मग लोकांच्या लक्षात आलं की या माणसाच्या नियमांमुळे भांडणं मिटतात, विषय पुढे सरकतो. आधी त्यांना संसदेचे सचिव केलं. आणि पुढच्या निवडणुकीत काय सांगू, मार्थानं यांचं नाव पंतप्रधानपदासाठी सुचवलं आणि हे निवडून आले! कॅफेत पेढे वाटले. "देशाचं नाव काय?" असं विचारणाऱ्या पोरांना "आहे एक, लहानसा," असं सांगत होते. कान लाल झाले होते त्यांचे.

त्यांच्या बायको, आमच्या काकू, घोटीच्या. फार बोलायच्या नाहीत. त्या दिवशी दुपारी त्या मुद्दाम खाली आल्या आणि दारातूनच मला विचारलं, "ऐकतं का कोणी त्यांचं, तिकडं?"

"ऐकतात की काकू. सगळे ऐकतात."

"मग चालू द्या," त्या म्हणाल्या. "घरात तं बोलायलाबी कोणी नाय."

पहिले काही महिने झकास गेले. मग सुरू झाली ती गणसंख्येची, म्हणजे कोरमची, भानगड.

तुम्ही कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेला गेला असाल, तर नोटिशीच्या तळाची ती ओळ तुम्हाला पाठ असेल. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल आणि तिला गणसंख्येची अट राहणार नाही. आपल्याकडे कोणाला यात वावगं वाटत नाही. उलट लोक मुद्दाम अर्ध्या तासानं खाली उतरतात. सेक्रेटरींनी ही ओळ जशीच्या तशी तिकडे नेली. आता ते कॅफेत यायचे सकाळी साडेदहाला, कारण दुपारी आमच्याकडे लोडशेडिंग. नाशिकच्या साडेदहाला अमेरिका आणि कॅनडा गाढ झोपलेले. सभा बोलवायची, कोणी नाही, तहकूब करायची, अर्धा तास चहा प्यायचा आणि पुन्हा सभा घेऊन ठराव मंजूर! एका सकाळी त्यांनी असे सात ठराव केले. तिकडची माणसं उठून बघतात तर देशाचा कारभारच बदललेला.

मग काय विचारता! हुकूमशहा म्हणाले, लबाड म्हणाले, वर्तमानपत्रात त्यांचं मिशावालं कार्टून आलं. ते खरोखर गोंधळून गेले.

"नोटीस लावली होती ना मी? बोर्डावर आहे बघा. आठ दिवस आहे."

"काका, ते झोपलेले असतात त्या वेळी."

"सभेच्या वेळी सभासद झोपला, तर तो सभेचा दोष आहे का?"

मी हसले. हसायला नको होतं. कारण त्या दिवसापासून हळूहळू त्यांना गोडी लागली. एरवी 'बघू, विचारू' म्हणणारा माणूस आता खुर्चीत रेलून 'करून टाकू' म्हणायला लागला. विरोधकांना उत्तर देताना त्यांचं ते एक बोट कीबोर्डवर असं आपटायचं की मला कीबोर्डची काळजी वाटायची. मार्थानं त्यांना लिहिलं, सभ्य शब्दांत पण स्पष्ट लिहिलं, की अर्ध्या तासाचा नियम मागे घ्या, तुम्ही चुकताय. ते पत्र मला त्यांनी वाचून दाखवलं नाही. पुढे कधीतरी मला कळलं.

त्यानंतर मार्था सभेला दिसेनाशी झाली.

याच सुमारास त्यांनी मलाही तिकडची नागरिक करून घेतलं. "तुम्ही काही करायचं नाही, ताई. अनुमोदनाला कोणी नसतं सकाळचं, म्हणून फक्त." मी म्हटलं, बरं. आपल्याकडे सभेत अनुमोदक असाच असतो ना? पहिल्या रांगेत बसलेला, पान खात असलेला कोणीही. "घ्या हो, माझं नाव घाला," म्हणणारा. मी तशीच होते.

त्यांनी आणखी एक जुना नियम तिकडे आणला. सलग तीन सभांना विनापरवानगी गैरहजर राहणाऱ्याचं सदस्यत्व रद्द. एका सकाळी अर्ध्या तासानंतरच्या सभेत त्यांनी नऊ नावांची यादी ठेवली आणि मला आवाज दिला, "ताई, अनुमोदन." माझा प्रिंटर अडकला होता, हाताला शाई लागली होती, समोर एक बाई मुलाच्या फॉर्मसाठी घाई करत होती. मी मान वाकडी करून माझ्या स्क्रीनवर क्लिक केलं. यादी वाचली नाही. नऊ नावांत सहावं नाव मार्थाचं होतं.

पंधरा-वीस दिवसांनी मार्थाच्या मुलीचं पत्र आलं, उघड, सगळ्यांना दिसेल असं. आई दोन महिन्यांपासून हॉस्पिटलमध्ये आहे. आजार बरा होण्यातला नाही. तिनं कोणाला सांगू नका म्हटलं होतं म्हणून सांगितलं नव्हतं. काल तिनं मांडीवर कॉम्प्युटर मागितला, तुमच्या देशात डोकावायचं म्हणून. पान उघडलं नाही. 'आपण येथील नागरिक नाही' असं आलं. ती सारखी विचारते आहे की माझं काय चुकलं. कृपा करून कोणी सांगाल का?

सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून हातात धरला.

"तुम्हाला माहीत होतं, यादीत तिचं नाव आहे ते?" मी विचारलं.

"होतं."

"आणि तरी?"

"मला वाटलं, रुसलीय. मला खाली बघायला लावायला येत नाहीये." मग म्हणाले, "आधी राग आला होता, ताई. नियम नंतर शोधला."

असं स्वतःच्या तोंडानं कबूल करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पण त्या क्षणी मला त्यांचं कौतुक वगैरे काही वाटलं नाही. माझंच नाव अनुमोदक म्हणून तिथं लिहिलेलं होतं.

आता ऐका. ती वेबसाइट चालवणारा हॉलंडमधला एक तरुण होता. त्यानं तासाभरात यांना लिहिलं, एक बटण दाबलं की मार्थाचं नाव परत येईल, तुम्ही फक्त हो म्हणा. झालं ना मग? म्हणा हो! मी तर त्यांच्या खुर्चीमागे उभीच होते.

त्यांनी लिहिलं, नाही.

"काका! डोकं फिरलंय का तुमचं?"

"ठरावाशिवाय कसं घेणार? उद्या कोणी आक्षेप घेतला तर? तिचं नागरिकत्व कायम संशयात राहील."

"मग करा तुमचा अर्ध्या तासाचा ठराव. मी देते अनुमोदन. आत्ता देते."

"नाही." त्यांचा आवाज चिरकला होता. "काढलं तसं घ्यायचं नाही तिला. कोणी नसताना, चोरून. सगळ्यांना बोलवायचं. सगळे जागे असतील अशा वेळी. पूर्ण गणसंख्या. सगळ्यांसमोर मी माफी मागणार आणि सर्वानुमते ठराव करणार. विशेष सर्वसाधारण सभा."

"कधी?"

"सात दिवसांची नोटीस लागते."

मी भांडले. दारापर्यंत आवाज गेला, गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. म्हटलं, ती बाई हॉस्पिटलात पडलीय, तिला तुमची गणसंख्या काय करायची आहे? तिला फक्त पान उघडायला हवंय. ते माझ्याकडे बघत होते. कळत होतं त्यांना, असं मला आजही वाटतं. पण आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःचं वाक्य लिहिणार होते आणि ते त्यांना शुद्ध हवं होतं. काही चूक नको होती त्यात. त्यांनी पाच वेळा खोडून, सहाव्यांदा सुवाच्य अक्षरात नोटीस लिहिली आणि मग टाइप केली.

ते सहा दिवस ते सकाळ-संध्याकाळ येत होते. चहाचं नाव नाही. एकेका नागरिकाला वेगळं पत्र लिहीत होते, ज्यांनी त्यांना शिव्या दिल्या होत्या त्यांनाही. कृपया यावे. आपली उपस्थिती आवश्यक आहे. बोट दुखायला लागलं तेव्हा मी म्हटलं, सांगा, मी टाइप करते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मार्थाच्या मुलीला मात्र त्यांनी फक्त एवढंच लिहिलं की विषय सभेपुढे आहे.

मार्था पाचव्या दिवशी गेली. बातमी आम्हाला सहाव्या दिवशी सकाळी कळली. मी कॅफेचं शटर नुकतंच वर केलं होतं. ते उभ्याउभ्याच वाचून म्हणाले, "सभा होईल. नोटीस निघालेली आहे." आणि जिना चढून घरी गेले.

सभा सातव्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला होती. तिकडची सकाळ. एवढी माणसं त्या देशाच्या सभेला पूर्वी कधी आली नव्हती. एकामागून एक नावं स्क्रीनवर येत राहिली. सेक्रेटरींनी माफी मागितली. साधी, चार ओळींची. ठराव मांडला. अनुमोदन मी दिलं, या वेळी प्रत्येक अक्षर वाचून. एकही मत विरोधात गेलं नाही. मार्था त्या देशाची पुन्हा नागरिक झाली, मेल्यानंतर छत्तीस तासांनी.

शेवटी तिच्या मुलीनं दोन शब्द लिहिले. त्यांनी मला जवळ बोलावलं. "तुम्ही मराठीत सांगा, ताई. माझं इंग्रजी आज चालत नाहीये."

मी सांगितलं. ती लिहीत होती, आई रोज विचारायची, उघडलं का? चौथ्या दिवशी मला बघवेना. मी तिला खोटं सांगितलं, हो, उघडलं, त्यांनी तुझं नाव परत लावलं. ती म्हणाली, मला वाटलंच होतं. मिस्टर सेक्रेटरींना माझे आभार सांग. ते आभार मी पोचवते आहे.

सेक्रेटरी स्क्रीनकडे बघत म्हणाले, "तिच्या मुलीला कळलं. मला नाही कळलं."

त्यांनी राजीनामा लिहिला, एकाच वाक्यात, खाडाखोड न करता. आणि तिकडे पुन्हा कधी गेले नाहीत. मीही माझं नाव काढून घेतलं.

आमचं बोलणं काही महिने तुटक होतं, खरं सांगते. जिन्यात भेटले की मी उगाच पिशवीत काहीतरी शोधायचे. मग बिल्डिंगची वार्षिक सभा आली. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या, नेहमीप्रमाणे सातच माणसं. चेअरमन म्हणाले, चला, अर्धा तास थांबू. सेक्रेटरी उठले आणि जिना चढायला लागले. गुडघे दुखायचे त्यांचे, कठड्याला धरून चढायचे. एकेका दाराची बेल वाजवत गेले. "सभा आहे, या ना. आहात ना घरात? या." लोक टीव्ही बंद करून, लुंगीवर शर्ट चढवून वैतागत खाली आले. दुसऱ्या मजल्यावर माई राहायच्या, एकट्या, अर्धांगानं अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्याकडे त्यांनी हजेरीचं रजिस्टरच वर नेलं. माईंनी डाव्या हातानं सही केली. "आजारी माणसाची गैरहजेरी लागता कामा नये," एवढंच ते चेअरमनना म्हणाले आणि रजिस्टर टेबलावर ठेवलं.

मग दर वर्षी तेच. सभेच्या आधी सगळ्या मजल्यांवर बेल आणि माईंच्या दारात रजिस्टर. आमचं बोलणंही पूर्वीसारखं झालं. घरोघरी इंटरनेट आलं, माझा कॅफे बंद पडला, त्या गाळ्यात झेरॉक्सवाला आला. त्याच्या पुढच्या वर्षी, द्राक्षाच्या हंगामात, सेक्रेटरी गेले. झोपेतच गेले. काकू मुलीकडे मस्कतला गेल्या आणि तिसऱ्या मजल्याला कुलूप लागलं.

त्या वर्षीची सभा झाली तेव्हा मीही खाली होते. माझ्या लक्षात आलं नाही, कोणाच्याच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माईंना ताक द्यायला गेले तर त्यांनी विचारलं, "या वेळी सभा लांबली का ग? सहीला नाही आलं कोणी."

मी ताकाचं भांडं तिथंच ठेवलं. चेअरमनच्या घरी गेले, बघून परत देते म्हणून रजिस्टर मागून घेतलं. सभा बंद झाल्यावर हजेरीत सही घेता येत नाही, खाली आडवी रेघ मारलेली असते. ती रेघ होती. माईंच्या अंथरुणाशी बसून मी पान उघडलं, रेघेच्या वर जिथं थोडी जागा होती तिथं बोट ठेवलं आणि त्यांच्या डाव्या हातात पेन दिलं.